ॲम्बॅसिडरमधली कुजबुज

"दौलताबादच्या किल्ल्यात... एक अंधारी वाट आहे! शत्रू आत शिरला... की परत यायचा नाही!"

हे मी सांगत होते मागच्या सीटवरच्या नाशिकच्या पाहुण्यांना. ऐकलं मात्र अख्ख्या क्रांती चौकानं.

मे महिना, दुपारचे दोन, सिग्नल लाल. आमची ॲम्बॅसिडर जागच्या जागी धडधडत उभी होती आणि मी तिच्या वरताण ओरडत होते. तेवढ्यात माझ्या खिडकीशेजारी एक बाइक येऊन थांबली.

"मॅडम, मग पुढं काय झालं त्या शत्रूचं? लवकर सांगा... सिग्नल सुटला तर आज झोप नाय लागायची मला."

मी खाऊ की गिळू अशा नजरेनं वळले. हेल्मेटची काच वर, आत दोन डोळे — आणि ते मनापासून हसत होते. मी राग शोधायला गेले तर तो सापडेचना.

"तिकीट काढून या," मी म्हणाले. "फुकट ऐकणाऱ्यांना शेवट सांगत नसते मी."

त्यानं वाकून मागच्या दारावर बोटाच्या पेरानं टकटक केली. टण!

"ओ! काय करताय?"

"नाडी बघतोय." पुन्हा टण. "आतून पार उघडी आहे हो ही. नुसता पत्रा. आवाज बी आत, ऊन बी आत. दोन्ही थांबवता येतं... माझं कामच ते." त्यानं खिशातून कार्ड काढून खिडकीतून माझ्या ओढणीवर टाकलं. "फोन करा. शेवट तेव्हा ऐकतो."

सिग्नल सुटला आणि तो गेला. कार्डावर नाव होतं सम्यक. खाली लिहिलं होतं, ‘जुन्या-नव्या गाडीतला आवाज आणि गरमी कमी करून मिळेल.’

नाशिकच्या काकूंनी मागून काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. आमच्या गाडीत कुणालाच काही ऐकू येत नाही.

गाडीचं नाव कडूबाई. शहाऐंशी सालची, पांढरी, डिझेलची. बाबांनी तीस वर्षं तिच्यातून पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवलं. नाव आमच्या आत्याआजीवरून ठेवलेलं, कारण ती कुजबुजली तरी तीन गल्ल्यांना ऐकू जायचं. बाबांचे गुडघे थकले तेव्हा चाक माझ्या हातात आलं. मीच गाइड, मीच ड्रायव्हर.

या गोंगाटाचा एक फायदा मात्र मी तीन वर्षं उपटला होता. समोरच्या काचेकडे बघत मी मनातलं सगळं बिनधास्त बोलून टाकायचे. ‘हे काका बघा, लेण्यात कमी, फोनमध्ये जास्त.’ ‘या वहिनींची साडी काय सुंदर आहे बाई.’ मागे कुणाला पत्ताच नसायचा. गाडी सुरू केली की माझं तोंड आपोआप सुरू व्हायचं, आणि सगळं कडूबाईच्या धडधडीत जिरून जायचं.

आता कडूबाईच विकायची वेळ आली होती. बिडकीनजवळच्या एका ढाबेवाल्याला ती दारात चौथऱ्यावर उभी करायची होती. शोभेला... आणि चाकं काढून! एकदा बसलेला पाहुणा दुसऱ्यांदा तिच्यात बसत नव्हता. आवाजानं डोकं उठायचं, तापलेल्या तळानं पाय भाजायचे आणि मागाहून बसवलेला एसी बिचारा फक्त खोकायचा. म्हणून बाबा जवळजवळ तयार झाले होते.

आशा एकच होती. एका मोठ्या हॉटेलच्या मॅनेजर मृण्मयी मॅडम मला म्हणाल्या होत्या, "जुनी गाडी आमच्या पाहुण्यांना नक्की आवडेल. मी स्वतः भर दुपारी मागं बसून खुलताबादच्या घाटापर्यंत येईन. तुझं साध्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं आणि पाय भाजले नाहीत, तर आमच्या सगळ्या सहली तुझ्या."

"पंधरा दिवस देतो, करुणा," बाबा म्हणाले. "नाय जमलं तर ढाबा."

त्याच संध्याकाळी मी कार्डावरच्या नंबरला फोन लावला. गाडीसाठीच हं. डोळ्यांसाठी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो पुंडलिकनगरात आमच्या दारात हजर. बाबांना "जय भीम, काका" म्हणाला, आत्याआजीच्या नावाच्या गाडीकडे आदरानं बघितलं आणि मला म्हणाला, "चालवा. मला तिचं रडणं ऐकायचंय."

मागची सीट आम्ही काढली आणि तो सरळ गाडीच्या तळाला कान लावून आडवा झाला. मी बीड बायपासकडे गाडी घातली आणि आरशात बघितलं. डोळे मिटलेले, कपाळावर केस, एक हात पत्र्यावर पसरलेला... तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"अगं बाई," मी काचेकडे बघत म्हणाले, "कडूबाई, बघितलंस का? लई देखणा आहे गं हा!"

"काय?" तो मागून ओरडला.

"काही नाही! खड्डा होता!"

"बरं!" म्हणाला बिचारा आणि पुन्हा कान लावून पडला. मला इतकं हसू फुटलं की मी खरोखरच एका खड्ड्यात गाडी घातली.

मग सकाळी सहा म्हणजे आमची वेळ झाली. पत्रा तापायच्या आत काम करायचं असायचं. सीट, जुने गालिचे, दारांचे पुठ्ठे, छताचं कापड सगळं बाहेर. आत उरली नुसती उघडीबोडकी कडूबाई... मला तिच्याकडे बघवेना.

"नका बघू असं," सम्यक म्हणाला. "ऑपरेशनच्या आधी पेशंट असाच दिसतो."

त्यानं गंज घासून काढला, रंगाचा हात दिला. मी रद्दीचे कागद पसरून प्रत्येक कोपऱ्याचं माप कापायचे. त्या मापानं तो काळी चिकट शीट कापायचा, पत्र्यावर लावायचा आणि छोट्या रुळानं दाबायचा. वर फोम, त्यावर नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर. इंजिन आणि आपल्या पायांच्या मधली जी पत्र्याची भिंत, तिच्यातल्या भोकांना त्यानं एकेक रबरी बूच बसवलं. "गरमी चोरासारखी असती," तो म्हणाला. "दार लावलं तर भोकातून येती."

"आणि आवाज?"

"आवाजाचं येगळंय." त्यानं छताच्या पत्र्यावर टकटक केली. टण. "पत्रा सुटा असतो, थरथरतो, म्हणून ओरडतो. त्याला गप करायला लई काही लागत नाय... कुणीतरी नुसता हात ठेवून थांबावं लागतं."

मग त्यानं तिथं शीट दाबली, माझ्या हातात रूळ दिला आणि म्हणाला, "जोरानं. हवा राहिली तर सुटंल." मी जोर लावला. पुरला नाही. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला आणि रूळ पुढे सरकला... मागे आला... पुढे गेला. खरं सांगू? त्या जागेवर आता प्रलय आला तरी शीट सुटणार नाही.

"आता वाजवा," तो हळूच म्हणाला.

ठप.

"बघा. गप झाली."

गप ती झाली होती. माझ्या छातीत मात्र शहाऐंशी सालचं डिझेल इंजिन चालू झालं होतं.

दिवस असे भराभर गेले. बॉनेटवर दोन कप चहा. त्यानं अंधाऱ्या वाटेचा शेवट विचारायचा आणि मी सांगायचे नाही. पूर्वी वाळूजच्या कंपनीत तो बसच्या केबिनी शांत करायचा. मग नोकरी सोडून स्वतःचं सुरू केलं. त्याच्या आईला वाटायचं, पोरगं वाया गेलं. "एक गाडी अशी करून दाखवायचीय," तो म्हणाला, "की आईला आत बसवून म्हणता यावं... ऐक, काय ऐकू येतंय? कायच नाय! तेच माझं काम."

मला त्याला सांगायचं होतं की तू वाया वगैरे काही गेलेला नाहीस. पण समोरासमोर माझी बोलतीच बंद व्हायची. मी, जिचा आवाज क्रांती चौक ओलांडतो! मनातलं बोलायला मला धडधड लागायची आणि कडूबाई तर दाराशी बंद उभी होती.

अकराव्या सकाळी शेवटचा गालिचा बसला. सीट चढल्या. मृण्मयी मॅडमनी दुपारी एक वाजता हॉटेलवर बोलावलं होतं. सम्यकच गाडी घेऊन तिकडे आला, कारण मला बँकेत घालतात तसा नीट इस्त्रीचा कुर्ता घालायचा होता आणि तीनदा बदलायचा होता.

मी पोहोचले तर कडूबाई पोर्चमध्ये ऐटीत उभी. आणि शेजारी हा... निळ्या शर्टात. मी घाईनं दारं वाजवत फिरले. मागचं, ठप. पलीकडचं, ठप. पुढचं, ठप. माझ्या बाजूच्या दाराशी आले तशी त्यानं चटकन दार उघडून धरलं.

"बसा, बसा! मॅडम आल्या."

मृण्मयी मॅडम आल्या, छत्री मिटून मागे बसल्या. कुठं काही खडखडलं तर कळावं म्हणून सम्यकही त्यांच्या शेजारी बसला. मी काचा वर केल्या. एसी सोडला. आज जमलं नाही तर उद्या चौथरा, चाकं काढून... मी किल्ली फिरवली.

आणि तीन वर्षांची सवय! गाडी सुरू झाली तसं माझं तोंडही सुरू झालं.

"चल गं कडूबाई, आज लाज राख," मी काचेकडे बघत पुटपुटले. "आणि हा बघ, निळा शर्ट घालून आलाय. मी रस्त्याकडे बघू का आरशाकडे? काम संपलं म्हणे. म्हणजे उद्यापासून येणार नाय. मग मी सकाळी सहाला उठून करू काय... त्याचा चहा कुणाला पाजू? इतका आवडतो गं मला हा, आणि सांगायचं म्हटलं की वाचाच जाते..."

नगर नाका आला, सिग्नल लाल. मी थांबले. आणि तेव्हा मला जाणवलं... काहीतरी नाही. ती धडधड नाही. बाहेर ट्रक भोंगा वाजवतोय, रिक्षावाला भांडतोय, पण ते सगळं कुठंतरी लांब, शेजारच्या गावात चाललं असावं तसं. आत नुसती गार, मऊ शांतता. आणि त्या शांततेत मृण्मयी मॅडमचं हातातलं घड्याळ टिकटिकताना मला ऐकू आलं.

मी आरशात बघितलं. सम्यकचे कान लालबुंद झाले होते.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण धरणी आणि माझ्या मधेही त्यानं शीट लावलेली!

"करुणा," मॅडम अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "मागच्या सीटवर प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो. पुटपुटलं तरी."

"मॅडम, मी... म्हणजे ते..."

"रस्त्याकडे बघ. हिरवा झालाय."

पुढचा तासभर मी कशी बोलले ते मलाच माहीत. किल्ला सांगितला, खंदक सांगितला, अंधारी वाट सांगितली आणि तिचा शेवटही सांगितला, की शत्रू उजेडाच्या तिरीपेकडे धावायचा आणि थेट खंदकात पडायचा. सगळं साध्या आवाजात. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. घाटात इंजिन तापलं, चढाला कण्हलं, पण ते सगळं भिंतीपलीकडे. वर पोहोचल्यावर मॅडमनी चप्पल काढून पाय खाली टेकवला आणि तसाच ठेवला.

"गार," त्या म्हणाल्या. "जूनपासून सहली सुरू. पहिल्या पाहुण्यांना मी हीच गाडी देणार." मग छत्री उघडून खाली उतरल्या. "मी जरा पेरू बघते. दहा मिनिटं लागतील. पंधराही लागतील."

मला नाचावंसं वाटत होतं. ओरडावंसं वाटत होतं. कडूबाई राहिली! चाकांसकट राहिली! पण मी स्टिअरिंग घट्ट धरून पुढेच बघत बसले, कारण मागची सीट अजून रिकामी झाली नव्हती.

"करुणा." आज पहिल्यांदाच सम्यक मला मॅडम म्हणाला नाही. "माझं पण ऐकशील का? धडधड नाय आता, त्यामुळं हळूच बोलतो."

"बोल ना."

"हे काम... चार दिवसांचं होतं."

मी गर्रकन वळले. "अकरा लावलेस तू!"

"व्हय. काकांना तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. म्हणाले, सावकाश कर पोरा, चहा चांगला करते ती." तो हसला, पण त्याचे कान अजून लालच होते. "आणि तरी संपलं नाय बघ. वाजव तुझं दार."

मी माझ्या दारावर टकटक केली.

टण!

"सम्यक! हे राहिलं?"

"राहिलं नाय. ठेवलं." त्यानं मागून हात पुढे केला आणि दारावरच्या माझ्या हातावर ठेवला. "उद्या सहाला यायला कारण लागत होतं. मला काय माहीत, तू अशी भर रस्त्यात, मॅडमसमोर..."

"गप रे!"

"गप तर केलीच तुझ्या गाडीला. तुला नाय करणार. मला आवडतेस तू, लई. अगदी क्रांती चौकापासनं."

पेरूवाल्याशी मॅडमचं भांडण रंगलं होतं, ओठ हलताना दिसत होते, पण आत काही म्हणजे काही येत नव्हतं. मी त्याचा हात धरून ठेवला.

"एका दाराला किती दिवस लागतात?" मी विचारलं.

"तसं बघितलं तर... एक तास."

"नीट सांग."

"अकरा," तो म्हणाला.

"चालेल," मी कुजबुजले. त्याला अगदी स्वच्छ ऐकू गेलं.