एकोणिसावा ट्रे

पोर्ट हारकोर्टच्या जुन्या कारखान्यातला ऊर्ध्वपातनाचा कॉलम अकरा वर्षं बंद होता. तो पुन्हा चालवायचा, तर मिश्रणातून मद्यार्क वेगळा करायला त्याच्या आतले एकावर एक बसवलेले ट्रे पुरतील का, हे संगणकावर तपासण्याचं काम इबिफुरोकडे होतं.

तिने प्रोग्रामात चार हजार किलो मिश्रण घातलं. वरून-खालून मिळून तीन हजार नऊशे बत्तीस बाहेर आलं. उरलेले अडुसष्ट किलो एकोणिसाव्या ट्रेवर.

तिने दुसरा प्रोग्राम लावला. तेच. शेवटी आत काहीच न घालता, रिकाम्या कॉलमचं गणित केलं.

एकोणिसाव्या ट्रेवर अडुसष्ट किलो.

"तेवढी ओळ खोड आणि सही कर," भाजलेलं केळं खाता खाता तिचा साहेब एलेन्वो म्हणाला.

"ओळ खोडली म्हणून वजन जाईल का, ओगा?" तिथे साहेबाला सगळे ओगाच म्हणत.

"वजनाचं माहीत नाही, नोकरी जाईल."

"जाऊ दे. पण मी उघडून बघितल्याशिवाय सही करणार नाही."

एकोणिसाव्या ट्रेचं झाकण उघडायला पाना हवा होता. तो मागायला ती म्हाताऱ्या फिटरकडे, पा डोकुबोकडे गेली.

"बंद करायच्या आधी सात जण साफ करायला आत गेले होते," तो म्हणाला. "सातही बाहेर आले. वहीत सह्या आहेत."

"तुम्ही माणसं मोजली होती?"

त्याने पाना तिच्या हातात ठेवला. "सह्या मोजल्या होत्या, पोरी."

भर दुपारी ती एकटी शिडी चढली. कठड्यावरच्या काजळीने तळवे काळे झाले. एकोणिसाव्या ट्रेपाशी तिने बोल्ट सोडवले, जड झाकण बाजूला केलं आणि आत बॅटरी मारली.

कुणी नव्हतं. ट्रेभर गंज. फक्त एका जागी, माणूस मांडी घालून बसेल एवढा पत्रा घासून लख्ख झालेला.

तिने हात लावला. पत्रा कोमट होता.

भीती वाटलीच. पण त्याहून संताप आला.

"झाकण मी लावणार नाही," ती आत बघत म्हणाली. "ये बाहेर."

ती उतरू लागली. सातव्या पायरीवर शिडी हलली. वरून.

ती थांबली. शिडीही थांबली.

वर न बघता ती उतरत राहिली.

खाली एलेन्वो कागद घेऊन उभा होता. त्याची नजर तिच्या डोक्यावरून वर लागली होती.

"सही नंतर, ओगा," ती म्हणाली. "आधी त्याला उतरू द्या."

पा डोकुबोने टोपी काढली आणि बाजूला सरून वाट दिली.