बिनदोऱ्याची शिलाई

“देवाला सगळं सांगतेस, चांगलंच आहे. पण तो उलट विचारत नाही गं... विचारणारं एखादं माणूस शोध.”

आई जाण्याआधी हेच म्हणाली होती. मी ‘हो’ म्हटलं, आणि ती गेल्यावर पुन्हा पहाटे मौन धरून, जप करत देवालाच सांगत बसले.

शेवटी फोनवरून भेटणारी समुपदेशक शोधली. पहिल्या बाई फार गोड. “पहाटेचं मौन, जप, सगळं सोडा, मोकळ्या व्हा!” परवान्याचा नोंदणी क्रमांक विचारला, तर फोनच कट. दुसऱ्या बाईंनी तो न विचारताच दिला; मीही पडताळून पाहिला. त्या एवढंच म्हणाल्या, “मौन राहू द्या. ते सुटल्यावर कुणाशी बोलता?”

मी विषय बदलला.

घरात भिंती पातळ आणि वहिनीचे कान तिखट, म्हणून मी जिन्यात बसून बोलत होते. बोलता बोलता रडू फुटलं... फोन ठेवला, तोच जिन्याखालच्या दुकानातून शिंपीमास्तर डोकावले.

“इथे रडू नका. आवाज वर चढतो. वरच्या काकू दार किलकिलं करूनच बसलेल्या असतात.”

“मग कुठे रडू?”

“कपडे घालून बघायची खोली आहे माझ्याकडे. आरसा आहे, पण तो चुगली करत नाही.”

“आणि तुम्ही?”

“मी मशीन चालवीन. मला काही ऐकू यायचं नाही.”

तेव्हापासून दर बुधवारी संध्याकाळी मी फोन घेऊन पडद्याआड, आणि बाहेर मशीनची अखंड खडखड. मी गप्प झाले तरी ती थांबत नसे.

“या, जिन्यावाल्या बाई! आज डोळे कमी सुजलेत.”

“डोळ्यांचं माप कधीपासून घेता?”

“घेत नाही हो... नजरेत भरतं—” आणि मग मास्तर कानावरचा खडू उगाचच शोधत राहिले.

एका बुधवारी मी बाहेर आले. सुईखाली कापडाची पट्टी होती, तिच्यावर नुसती भोकंच भोकं.

“मास्तर, दोरा?”

“ओवलाच नव्हता.” त्यांनी मान खाली घातली. “संध्याकाळी काम कुठे असतं मला! तुम्ही आत असलात की... दुकानात कुणीतरी आहे असं वाटतं. बायको गेल्यापासून घरी बोलायला भिंतीच आहेत.”

मी पडद्याची कड चुरगळत उभी राहिले.

“बाईंनी आज पुन्हा विचारलं, मौन सुटल्यावर कुणाशी बोलता म्हणून.”

“मग?”

“ऐकू नाही आलं?”

“मशीन चालू होती की!”

“मग आता ऐका. मी तुमचं नाव सांगितलं.”

त्यांनी ती पट्टी सुईखालून काढून तिची घडी घातली. मग हळूच म्हणाले, “त्या बाई मलाही घेतील?”

“दोघांनी एकाच बाईंकडे नको; त्यांच्याकडून दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेऊ. परवाना मी तपासते.”

“पण माझं बोलणं झाकणार कोण?”

“मी.”

“शपथ?”

“शपथ नाही घेत मी. नेम पाळते.”

पुढच्या आठवड्यात पडदा सरकला. आतून घोगरा आवाज आला, “नमस्कार... कुठून सुरुवात करू?”

ऐकावंसं फार वाटलं. मी सुईतला दोरा काढून ठेवला, स्टुलावर बसले आणि पायडलवर पाय टेकवला.