वास खाणाऱ्यांची राखणदार

आमच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात तो पहिल्यांदा आला तो नाक दाबूनच. गळ्यात शिंप्याची फीत, हातात तक्रारीचा कागद.

"तुमच्या सांडपाण्याच्या वासानं माझी गिऱ्हाइकं पळतात!"

"आधी नाक सोडा," मी म्हटलं, "शब्द कळत नाहीत."

त्याला भिंतीलगतच्या ओल्या लाकडी भुशाच्या वाफ्यापाशी नेलं. टाक्यांतली दुर्गंधी नळानं या भुशाखाली येते आणि भुशातले जंतू ती खाऊन टाकतात. "वाफा नवा आहे. त्यांची भूक वाढू दे... महिनाभर थांबा."

तो थांबला. रोज येऊन थांबला — वास तपासायला म्हणे! वास गेला, हा काही जाईना. एकदा माझ्या डगल्याची बाही शिवतो म्हणून मनगट मोजलं.

"एका मनगटाला तीनदा फीत लागते?"

"आकडा विसरतो... तुझ्याकडे बघितलं की."

पण लग्नासाठी त्याच्या आईची अट आली : मुलीनं घाणीतली नोकरी सोडावी.

"नाही सोडणार," मी म्हटलं. "ज्यानं चंदन घडवलं त्यानंच हे जंतू घडवले. रविवारी आईंना इथंच आण."

रविवारी सकाळी फाटकाशीच सडक्या अंड्यांचा भपकारा! वाफ्याजवळ तो, शेजारी फिनेलच्या दोन रिकाम्या बाटल्या.

"काल संध्याकाळी ओतलं... आईला छान वाटावं म्हणून."

"अरे, माझे जंतू मारलेस तू!"

"पण ते दिसतच नव्हते गं —"

"दिसत नाही म्हणून नसतात होय? मग देवाचंही तसंच म्हण!"

बिचाऱ्याचा चेहरा पडला. फिनेल धुऊन जायला मी वाफ्यावर पाणी सोडलं, बादली त्याच्या हातात दिली. सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीतला जिवंत जंतूंचा तपकिरी गाळ आणून भुशात कालवायचा; त्यातून जंतूंचा संसार पुन्हा उभा राहतो. कोपरापर्यंत गाळात असतानाच आई आल्या. नाकाला रुमाल.

"हीच ना ती नोकरी? सोड म्हटलं होतं."

मी गाळातून हात काढून उभी राहिले.

"आई, हा वास माझ्या नोकरीचा नाही. माझी नोकरी एक दिवस बंद पडली, त्याचा आहे."

तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला, गाळाचे हात तसेच. "लग्न हिच्याशीच, आई. आता मलाही हाच वास येतोय. काढायचं तर दोघांनाही घराबाहेर काढ."

आईंचं लक्ष रिकाम्या बाटल्यांकडे गेलं.

"फिनेल कुणी ओतलं?"

"मी."

"वाटलंच." त्यांनी रुमाल कमरेला खोचला. "पोरी, याच्या हातातली बादली काढून घे आधी. आणि मला सांग... तुझ्या त्या जंतूंना अजून किती गाळ लागतो?"