वरच्या बाजूची फुली

सिन्नरच्या शाळेतले राजू आणि संध्या हे दोघं नवे शिक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी कोकणात निघणार होते, समुद्री कासवं वाचवायचं प्रशिक्षण घ्यायला. आदल्या रात्री ते रिटायर झालेल्या बहिरू नानांच्या ओट्यावर भेटायला आले. २००९चा फेब्रुवारी. दहाला लोडशेडिंगची लाइट गेली आणि नाना बोलायला लागले.

जा, जरूर जा. चांगलं काम आहे. फक्त आपल्या धोंडीराम गुरुजींनी केलं तसं करू नका. हसू नको रे राजू, थापा मारायचं वय राहिलं नाही माझं. गुरुजींच्या तोंडून ऐकलंय तेच सांगतो.

चार वर्षांमागं गुरुजी अशाच शिबिराला गेले होते. दिवसा व्याख्यानं, रात्री किनाऱ्यावर गस्त. बॅटरीला लाल कागद लावायचा, कारण पांढऱ्या उजेडाला मादी बिचकते. शेवटच्या रात्री, बरोब्बर दोन वाजून वीस मिनिटांनी, गुरुजींना ती दिसली. चांगली परातीएवढी. अंग फरफटत यायची, थांबायची, दमलेल्या बाईसारखा सुस्कारा टाकायची. खड्डा केला, अंडी घातली, वाळू लोटली आणि वरून पोटानं धोपटली. धप्, धप्. मग गेली पाण्यात.

अंडी कोल्ही-कुत्री उकरतात, म्हणून ती कुंपणात हलवायची. शिकवणारा वसीम नाशिकचाच पोरगा. म्हणाला, "गुरुजी, आधी वरच्या बाजूला पेन्सिलीनं फुली मारा, मगच उचला. फुली वरच राहिली पाहिजे. अंडं उलटलं की आतला जीव गेला समजा. ज्याला इथून हलवायचं, त्यालाच फुली."

गुरुजींनी स्वतःच्या पेन्सिलीनं फुल्या मारल्या. आणि वसीमची पाठ वळली तेव्हा एक अंडं ओल्या वाळूसकट जेवणाच्या डब्यात घातलं.

चोरी? अहो, शाळेचा खडू कधी घरी न नेलेला माणूस! पण मास्तर तो मास्तर. कुठंही गेला की पोरांना दाखवायला काहीतरी उचलणारच. दगड, पान, सुगरणीचं घरटं. आपल्या पोरांनी समुद्र पाहिलाय कुठं? शंभरातलं एक नेलं तर काय बिघडलं, असं त्यांना वाटलं.

दोन मार्च, बुधवार. रात्री दहाला ते घरी पोचले. डबा उघडला तर अंडं गाडीत गडगडलेलं, फुली खाली गेलेली. त्यांनी हळूच ते सरळ केलं, झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवला. फळीखाली त्यांची पाच वर्षांची मोहिनी झोपली होती. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली पोर. लय जीव तिच्यावर.

कशानं तरी जाग आली. उशाच्या घड्याळात दोन वीस.

गल्लीत आवाज. खर्रर्र... मग शांत. पुन्हा खर्रर्र...

कुत्रं असेल, म्हणून त्यांनी कूस बदलली. आणि सुस्कारा ऐकू आला. दाराबाहेर. काल ऐकलेला. तोच.

कडी लावलेली होती. ते स्वतः उठून बघणार होते. पाय उचलेनात.

खर्रर्र...

उंबऱ्याच्या आत.

खाऱ्या पाण्याचा वास आला. सिन्नरला, भर मार्चात. शेजारी त्यांची बायको, सिंधुबाई, गाढ झोपलेल्या.

मग फळीखालून आवाज आला. धप्... धप्...

पोरीच्या अंगावरून.

त्यानंतर काहीच नाही. बराच वेळ...

शेवटी काडी ओढली. दार बंद. कडी जागच्या जागी. डबाही फळीवर तसाच. मोहिनी नेहमी पोटाशी पाय घेऊन झोपायची. आता ती उताणी होती, सरळ, हात अंगाला लावून. गोधडीवर ओली वाळू, गळ्यापर्यंत, नीट थापलेली. श्वास चालू होता.

काडी जवळ नेली. कपाळावर मधोमध फुली. पेन्सिलीची.

ज्याला इथून हलवायचं, त्यालाच फुली. गुरुजींना तेव्हा कळलं, की ती पुन्हा येणार आणि कुणासाठी येणार.

त्यांच्या किंकाळीनं सिंधुबाई उठल्या. "अगं बाई! काय झालं ओ?" पोरीला छातीशी धरून गुरुजी ढसाढसा रडले. म्हणाले, "मी घेऊन आलो... मीच देऊन येतो. मी येईपर्यंत हिला खाली ठेवू नको. मांडीवरून उतरवू नको."

पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघाले. अख्खा रस्ता डबा दोन्ही हातांवर धरलेला, धक्का लागू नये म्हणून. किनाऱ्यावर पोचेस्तोवर रात्र झाली. वसीमनं डबा बघितला आणि सगळं ओळखलं.

"हे आता जगायचं नाय, गुरुजी."

"माहीत आहे. पण ठेवू दे मला."

हातानं खड्डा उकरला. फुली वर करून अंडं ठेवलं, वाळू लोटली आणि तळहातांनी धोपटली. मग हा पन्नाशीचा माणूस पाण्याकडं तोंड करून, वाळूत डोकं टेकून म्हणाला, "चुकलो, बाई. माझी एवढी एकच आहे." दोन वीस वाजले. गुरुजी तिथंच बसून राहिले. इकडं सिंधुबाईही पोरीला मांडीवर घेऊन टक्क जाग्या होत्या. घरी कुणी आलं नाही.

पोरगी वाचली, देवाची कृपा. अंड्याचं काय झालं ते गुरुजींनी कधी विचारलं नाही. सिंधुबाईंनी ती फुली साबणानं घासली, खोबरेल लावलं, रॉकेलचा बोळा फिरवला. साधी पेन्सिल ती, थुंकीनं पुसली जाते...

उद्या निघायच्या आधी गुरुजींच्या पाया पडायला जाल, तेव्हा पाणी घेऊन मोहिनीच येईल. नऊ वर्षांची झालीय. एवढ्याशा पोरीच्या कपाळाला एवढी मोठी टिकली कशाला, असं तुमच्या मनात येईल. विचारू नका तिला.