आधी मुलांचं काढा

दिवा राहू दे चालू. अंधार करून सांगायची गोष्ट नाही ही. आणि तू, ते कानातलं काढ आधी. अर्धवट ऐकशील आणि उद्या मलाच खोटं पाडशील.

माझा एक मित्र होता. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात आम्ही दोघं एकदमच पडलो. तो बोलायचा फार कमी, म्हणून आम्ही त्याला मौनी म्हणायचो. लग्न झाल्यावर तर विचारूच नका, घरातलं बोलण्याचं सगळं खातं वहिनींनी सांभाळलं. वहिनी अंध मुलांच्या शाळेत पुस्तकं वाचायला जायच्या. बंद खोलीत माइकसमोर बसायचं, गोष्टीची पुस्तकं मोठ्यानं वाचायची, आणि ते रेकॉर्डिंग शाळेच्या सर्व्हरवर ठेवायचं. अकरा वर्षं वाचलं त्यांनी. मग आजारी पडल्या. चार महिने हॉस्पिटलात काढले आणि गेल्या.

त्यानंतर सहा महिन्यांनी, बारा फेब्रुवारीला, गुरुवारी संध्याकाळी त्याला शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. सर्व्हर बसला होता. तो बसवला होता मौनीनंच. दोन नव्या डिस्क, स्क्रूड्रायव्हर आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकून तो निघाला. साडेनऊला शाळेत पोचला.

सर्व्हर होता जिन्याखालच्या कोंदट खोलीत. शेजारी रेकॉर्डिंगची खोली, मधे भिंत, आणि दोन्हीकडच्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून भिंतीवर एक छोटा स्पीकर.

आता जरा समजून घ्या. त्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. आरशासारखी जोडी, एकीवर लिहिलं की तेच दुसरीवर आपोआप उमटतं. एक गेली तर दुसरी असतेच, म्हणून सगळे निर्धास्त. मौनीनं पाहिलं तर पहिली डिस्क जूनमध्येच मेली होती. आठ महिने सगळा भार एकटीवर होता आणि आता तीही घरघर करत होती. पहिली गेली तेव्हा सर्व्हरनं इशाऱ्याचे मेल पाठवले होते. सदतीस मेल, सगळे मौनीला. जूनमध्ये तो हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपत होता. एकही उघडला नव्हता.

"चूक माझी आहे," तो बाईंना म्हणाला.

"त्या वेळी तुमच्या घरी काय चाललं होतं, ते आम्हाला ठाऊक नाही का?" बाई म्हणाल्या. "पण भाऊ, नऊ दिवसांवर परीक्षा आलीय. अभ्यासक्रम नवा, ब्रेलची पुस्तकं अजून छापून आलेली नाहीत. मुलं ऐकतात ते सगळं याच्यावरच आहे. गोष्टी नंतर बघू. मुलांचे धडे आधी काढाल ना?"

त्यानं मान डोलावली. बाई मागच्या वसतिगृहात झोपायला गेल्या.

मरणाऱ्या डिस्कचा श्वास किती उरलाय, ते कुणाला कळत नाही. पहिल्यांदा जे मागाल तेवढंच कदाचित मिळेल. मौनीनं नवी डिस्क जोडली. समोर दोन फोल्डर. एक धड्यांचा, दुसऱ्यावर वहिनींचं नाव.

जगाचं गेलेलं परत काढून देणारा माणूस, पण त्याच्या घरात बायकोचा आवाज नव्हता. फोनमध्ये तिचे तीन-चार निरोप होते, ते फोन बदलताना गेले. रोज समोर बोलणाऱ्या माणसाला रेकॉर्ड कोण करून ठेवतं?

पावणेबाराला त्यानं वहिनींचा फोल्डर निवडला.

डिस्क खरखरली. पहिली फाइल अडकली. दुसरी अडकली. डिस्कच्या पोटातून घासल्यासारखा आवाज यायला लागला. असा आवाज आला की त्या क्षणी बंद करायची, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. मौनीनं बंद केली नाही. "एकच," तो म्हणत होता. "एकच येऊ दे गं."

दोन तास तो हेच करत बसला.

एक बावन्नला आतून टक्‌ असा आवाज आला. आणि सगळं शांत.

त्यानं बंद करून पुन्हा चालू केली. काही नाही. पुन्हा केली. काही नाही. वहिनींची एक ओळही आली नव्हती. आणि मुलांचे धडे... ते तर त्यानं मागितलेही नव्हते. मागं वसतिगृहात मुलं झोपली होती. नऊ दिवसांनी ती मुलं कोऱ्या डोक्यानं पेपरला बसणार होती, आणि ते त्याच्यामुळे. त्यानं तोंड ओंजळीत झाकलं.

तेव्हा भिंतीवरचा स्पीकर खरखरला.

कुणीतरी माइकसमोर खुर्ची ओढून घेतली. कागद नीट केले. घसा साफ केला.

"अहो..."

मौनीनं हात खाली घेतले नाहीत.

"आधी मुलांचं काढा."

बस. एवढंच.

तो उठला. रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार उघडलं. दिवा लावला. खुर्ची टेबलाला टेकून. माइकची वायर गुंडाळून ठेवलेली. कुठेच जोडलेली नव्हती.

"अगं..." तो म्हणाला.

खोलीत काही हललं नाही.

तो परत आला. धड्यांचा फोल्डर निवडला. कशाला, ते त्यालाही माहीत नव्हतं. मेलेली डिस्क.

हिरवा दिवा लुकलुकला.

पहिला धडा आला. दुसरा. तिसरा. घरघर नाही. खरखर नाही. कसलाच आवाज नाही.

त्यानं डिस्कवर तळहात ठेवला. चालू डिस्क हाताला थरथरते, कोमट लागते.

ही गार होती.

फिरत नव्हती.

तरी धडे येत होते... एकामागून एक...

त्यानं हात काढला नाही. पुढं मला म्हणाला, "भीती वाटली रे. पण हात काढला तर ती जाईल असं वाटलं."

चार दहाला शेवटचा धडा आला. एकशे अठरा. सगळे.

तो पाणी प्यायला. वहिनींच्या फोल्डरवर बोट नेलं.

"आता तुझं," तो म्हणाला. "आता तरी..."

हिरवा दिवा विझला.

उजाडेपर्यंत तो भिंतीला कान लावून बसला होता. जन्मभर गप्प राहिलेला माणूस, त्या रात्री एकटाच बोलत होता. हॉस्पिटलात बोलायचं राहून गेलेलं. सदतीस मेलचं. घरात आता रेडिओ लावून झोपतो, त्याचंही. पलीकडून... काही नाही. एक श्वाससुद्धा नाही.

सहाला बाई आल्या. त्यांनी कुठलातरी धडा लावला. विज्ञानाच्या सरांचा आवाज खोलीभर घुमला, तसा त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"आणि वहिनींचं?" त्यांनी विचारलं.

मौनीनं मान हलवली. बाई त्याच्या शेजारी जमिनीवरच बसल्या.

त्यानं आशा सोडली नव्हती. पुढच्या आठवड्यात तो मला घेऊन डिस्क उघडणाऱ्या माणसाकडे गेला. हा माणूस तरुण होता, हुशार होता. सीलबंद डिस्क त्यानं आमच्यासमोर उघडली आणि बघतच राहिला.

"काका, ही घासत असताना तुम्ही चालू ठेवलीत?"

"दोन तास," मौनी म्हणाला.

"मग काय उरणार? चकतीवर जो मुलामा असतो ना, लिहिलेलं सगळं त्याच्यात असतं. तो पार खरवडून गेलाय. तिन्ही चकत्यांचा. ही बघा आत त्याची काळी पूड."

"पण त्यानंतर यातून एकशे अठरा धडे निघाले," मी म्हणालो.

तो पोरगा आधी हसला. मग आमच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला.

"दुसरी डिस्क असेल," तो म्हणाला.

दुसरी नव्हती. मी स्वतः तपासलंय. जूनमध्ये मेलेली तशीच गंजून बसली होती, आणि त्या एकशे अठरातले अर्ध्याहून जास्त धडे रेकॉर्डच झाले होते जूननंतर.

मुलं परीक्षेला बसली. ते धडे अजून त्या शाळेत वाजतात, मी ऐकलेत. एका शब्दालाही अडखळत नाहीत.

आणि त्यातली एक चकती मी हातात घेतलीय. काचेची असते ती. अशी उजेडात डोळ्यांसमोर धरली. पलीकडची खिडकी दिसली. खिडकीत पाठमोरा उभा मौनी दिसला. त्याच्या सदऱ्याची शिवणसुद्धा दिसली... इतकी स्वच्छ.