रेघ उलटली

"विलास अजून आला नाही?" आईने नयनाला विचारलं.

सुट्टी होती, पण चंडीगढमधली, सत्याऐंशी सालची; पंजाबात दहशतवाद पेटलेला. अंधार पडला की संचारबंदी. मग सावली हलली तरी जवान बंदूक रोखत.

खेळ नयनानेच काढला होता. मामाने साताऱ्याहून आणलेल्या पेढ्यांचा डबा तिने फाटकासमोरच्या मैदानात लपवला आणि व्हरांड्याच्या काचेवर आतून साबणाने आलेख काढला. फाटकासमोरची पायवाट म्हणजे य-अक्ष. पायवाटेवरच्या कडुनिंबापासून निघायचं. पुढचं रेघेवरून वाचायचं: एक पाऊल उजवीकडे, दोन पुढे, पुन्हा तसंच. आठ वर्षांचा विलास अंगणातूनच काच बघून पळाला होता.

"पोरगं बाजारात गेलं असेल," मामा म्हणाला. मैत्रीण निशिगंधा मात्र उजवीकडची वाट तुडवून धापा टाकत परतली. "डबा जागेवरच आहे गं. विलास तिथे गेलाच नाही."

आईने देवापुढे दिवा लावला. नयना अंगणात धावली, काचेकडे वळली आणि थबकली. बाहेरून रेघ डावीकडे चढत होती!

"मामा, त्याने काच बाहेरून पाहिली. कडुनिंब तिथेच, चढही तेवढाच, फक्त उजव्याचं डावं झालं. क्षच्या जागी उणे क्ष. तो मैदानाच्या डावीकडच्या ओढ्याकडे गेलाय."

"गणितं नंतर. मी बाजार बघतो."

"मग टॉर्च आम्हाला दे. तुला तिकडे दिवे आहेत."

मामाने टॉर्च दिली आणि तो स्कूटरवर निघून गेला. कोपऱ्यावर जवानाने दोघींना अडवलं. "कहाँ चलीं, बेटा? कर्फ्यू लगने वाला है."

नयनाने काटकीने मातीत उभा अक्ष काढला, दोन्ही बाजूंना एकेक रेघ ओढली. "भाई इस वाली पर गया है, जी."

जवानाने एकदा मातीकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे आणि नयनाच्या हातातली टॉर्च घेतली. "चल. मेरे पीछे रहना."

कडुनिंबापासून डावीकडे एक, पुढे दोन. रेघ कोरड्या ओढ्याच्या काठाला टेकली. "विल्या!" नयनाने हाक मारली. मग ती मनातल्या मनात रामरक्षा म्हणू लागली.

"ताई, हळू बोल ना," खालून कुजबुज आली. "वरून जवानांची जीप गेली. मी घाबरून इथे लपलो. पाय मुरगळलाय."

जवानाने त्याला खांद्यावर घेतलं. "तेरी बहन ने ढूँढा तुझे, शेर. मैंने तो बस टॉर्च पकड़ी."

फाटकात मामा रिकाम्या हातांनी उभा होता. विलासला कुशीत घेत तो म्हणाला, "नयना, तुझं ऐकायला हवं होतं मी."

विलास मुसमुसत म्हणाला, "ताई, मी बरोबर मोजलं होतं गं."

"हो रे राजा," त्याचे डोळे पुसत ती म्हणाली, "म्हणून तर सापडलास."