जाग येण्याआधीची खोली

सात नंबरच्या आजींचा श्वास दुपारी थांबता थांबता राहिला. औषध दहापट गेलं होतं. नोंद ज्या परिचारिकेच्या नावावर होती, ती संगणक दुरुस्त करणाऱ्या ताईची धाकटी बहीण होती. चार वाजता पोलीस येणार होते.

"ताई, मी दोन लिहिलं होतं. वीस नाही."

"मध्ये औषधाच्या पंपांना आकडे देणारं मशीन बंद झालं होतं?"

"साहेबांनी सकाळी बंद करून चालू केलं. मंगळवारीही, माझी सुट्टी होती तेव्हा."

साहेब म्हणजे संगणक विभागाचे प्रमुख. औषधांच्या कपाटाचा कोड त्यांच्याच हातात. गुंगीची औषधं कमी होतात, अशी तक्रार धाकटीने महिन्यापूर्वी केली होती. तेव्हापासून ते तिला पाण्यात पाहत. "माणूस उलटा, लॅपटॉपही उलटा," धाकटी रडता रडता हसली. "लॅपटॉप परदेशी आहे ना. वायच्या जागी दाबलं की झेड उमटतो."

ताईने दोन तास डिस्क पालथी घातली. काही नाही. आकडा कोणी बदलल्याची खूणही नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं तिने सोडून दिलं.

पावणेचारला तिने सगळे पंप मशीनपासून तोडायला लावले आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. दारात मोठ्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, मागे साहेब.

पडद्यावर डिस्कच्या कुलपाचा परवलीचा शब्द मागितला गेला. तिने टाकला. चूक. एकेक अक्षर बघून टाकला. पुन्हा चूक.

"घाबरलीस," साहेब म्हणाले. "सर बाजूला."

त्यांनी कळफलकाकडे न बघता शब्द टाकला. कुलूप उघडलं.

ताई त्यांची बोटं बघत होती. शब्दात एक वाय होता. या कळफलकावर वाय वरच्या ओळीत असतो. साहेबांची करंगळी खाली डाव्या कोपऱ्यात गेली होती, झेडवर.

ती उठून धाकटीच्या पुढे उभी राहिली.

"बाई, मशीन एकदम जागं होत नाही. आधी स्मरणात एक तात्पुरती खोली उभी करतं. किल्ल्या, हत्यारं तिथे. त्या खोलीतून डिस्कचं कुलूप उघडतं आणि मग खोली पुसली जाते. मी कुलपाच्या आत शोधत बसले. ही खोली ज्यातून उभी राहते ते गाठोडं मात्र कुलपाबाहेर असतं. ते कोणीतरी नवं बांधलं. दर वेळी कुलूप उघडताच एक शून्य वाढवून पसार होणारं."

"कोणी?" बाईंनी विचारलं.

"गाठोडं ज्या मशीनवर बांधावं, त्याच्या कळफलकाची मांडणीही त्यात जाते. म्हणून माझा बरोबर शब्द चुकला. साहेबांची बोटं मात्र त्यांच्या लॅपटॉपच्या त्याच मांडणीला सरावलेली. त्यांनी वायच्या जागी झेड दाबला आणि त्यांना फरक कळलाच नाही."

"माझं बोट घसरलं असेल," साहेब म्हणाले.

"मग कुलूप कसं उघडलं?"

ताईने मशीन पुन्हा चालू केलं आणि या वेळी त्या खोलीतच थांबवलं. पडद्यावर नव्याने घातलेल्या चार ओळी होत्या. चौथीत, शून्य कोणाच्या नोंदीत वाढवायचं तिथे, धाकटीच्या बिल्ल्याचा क्रमांक. बाईंनी तो दोनदा वाचला आणि साहेब निघू नयेत म्हणून दाराला आतून कडी लावली.

"मला जाऊ द्या," धाकटी म्हणाली. "आजींच्या पंपावरचा आकडा डोळ्यांनी बघून येते."